स्पर्धेआधी पेलेट आणि हवा: एअर पिस्तूलवाल्यांची तयारी

स्पर्धेला महिना उरला की सगळ्यात आधी पेलेटचा, म्हणजे छर्र्याचा, प्रश्न मिटवून टाका. शेवटच्या आठवड्यात कुणाचं तरी ऐकून डबा बदलणारा नेमबाज दरवेळी एक तरी भेटतोच. १० मीटर एअर पिस्तूलला ४.५ मिलिमीटरचा, सपाट तोंडाचा पेलेट लागतो, हे ठरलेलं. वजनाचं मात्र ठरवावं लागतं. पिस्तुलासाठी म्हणून विकला जाणारा हलका पेलेट साधारण ७ ग्रेनचा, म्हणजे ०.४५ ग्रॅमचा असतो. मुळात रायफलसाठी केलेला जड पेलेट ८.२ ग्रेनचा, ०.५३ ग्रॅमचा. हलका बॅरलमधून लवकर सुटतो, त्यामुळे ट्रिगर दाबताना मनगट हललंच तर नेम बिघडायला वेळ कमी मिळतो. जड किंचित रेंगाळतो. माझं मत विचाराल तर सुरुवात हलक्यानं करा. पण काही बॅरलना जडच मानवतो, आणि बॅरलपुढे कुणाचं शहाणपण चालत नाही.

म्हणून पिस्तूल टेबलाला पक्कं जखडून, पण बॅरलवर दाब येऊ न देता, प्रत्येक प्रकारचे पाच-पाच पेलेट दोन-तीनदा कागदावर मारून बघा. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, तो पेलेटच्या डोक्याचा व्यास. वजनाच्या फरकापेक्षा या शतांशांनीच ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, जास्त सुटतो-आवळतो, असा माझा अनुभव. एक प्रकार जमला की डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे जेवढे परवडतील तेवढे डबे एकदम मागवा. रोज साठ-सत्तर शॉट मारणाऱ्याला ५०० चा डबा आठवडाभरच पुरतो, आणि तीच कंपनी, तेच नाव असूनही पुढच्या लॉटचा ग्रुप वेगळा पडू शकतो.

कुठं थांबायचं तेही ठरवा. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, पात्रता फेरीत गुण पूर्णांकात मिळतात आणि रेषेला पेलेट नुसता चाटून गेला तरी दहा. जखडलेल्या पिस्तुलाचा ग्रुप बाहेरच्या कडा धरून ७ मिलिमीटरच्या आत आला, की पेलेटकडून आणखी काही मागू नका. आमच्या बेळगावात ओळखीच्या सराफाकडून तराजू आणून एकेक पेलेट मिलिग्रॅमपर्यंत तोलणारेही आहेत की! फायनलला गुण दशांशात मोजतात, तिथवर पोचलेल्यानं हवं तर तोलावं. बाकीच्यांनी तेवढा वेळ भिंतीसमोर उभं राहून ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबायचा सराव, करावा.

पेलेट मऊ शिशाचा असतो आणि मागचा पातळ घेर बोटानंही दबतो, म्हणून खाली पडलेला पेलेट उचलून वापरू नका. खानापूरकडच्या पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर शिशावर पांढरट भुकटी धरते. झाकण घट्ट लावा, आत सिलिका जेलची पुडी टाका. सरावानंतर हात साबणानं धुवायचे आणि मगच कुंद्याच्या मिठाईच्या डब्याला लावायचे. शिसं पोटात जाणं वाईट, पोरांच्या तर फारच.

परदेशी व्हिडिओ बघून ‘काडतुसात दारू किती भरायची’ असं विचारणारी पोरं येतात. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तेव्हा तो विषय बाजूला ठेवा. आपल्याकडं दारूचं काम हवा करते, आणि तिच्याकडं पेलेटइतकंच लक्ष हवं. सिलिंडर बहुतेक २०० बारपर्यंत भरतात. हळूहळू भरा, घाईनं भरला की तो तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. हवा कोरडी हवी, म्हणून हातपंप असेल तर ओलावा धरणारा फिल्टर बसवा. ऑक्सिजन मात्र कधीच भरू नका, कितीही सहज मिळाला तरी: दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीस-तेल लागलं की स्फोट होतो. काटा किती खाली आला की वेग पडायला लागतो ते पिस्तुलाच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि त्याच्या बऱ्याच आधी भरून घ्या. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचा. त्याचं आयुष्य १० वर्षांचं धरतात, आणि मुदत संपली नाही ना हे बघायची जबाबदारी नियमानं नेमबाजाचीच आहे.

उपकरण तपासणीची भीती बाळगू नका, घरीच करून जा. ट्रिगरनं किमान ५०० ग्रॅम वजन उचललं पाहिजे, आणि काठावरचा ट्रिगर दगा देतो, म्हणून थोडा वर ठेवा. पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत हवं. बूट घोट्याच्या खालचे. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं आहे हे दाखवायला बॅरलमध्ये घालायची रंगीत दोरी, बॅगेत दोन ठेवा, एक हरवतोच.

कागदांचा विषय सीमाभागात जरा जास्तच. निपाणी-चिक्कोडीकडची बरीच पोरं सरावाला कोल्हापूर गाठतात. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या नेमबाजांच्या गावात शिकावं असं वाटणं साहजिक आहे. पण नोंदणी कर्नाटकातून असेल तर स्पर्धा बेंगळुरूकडं, म्हणजे कोगनोळीचा नाका सारखा ओलांडायचा. २० ज्यूलच्या आतल्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि आपलं तर पाच-सहा ज्यूलचंच. पण निवडणुकीच्या दिवसांत नाक्यावर पेटी उघडल्यावर तोंडी हिशेब कोण ऐकणार? खरेदीचं बिल, ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र पेटीतच ठेवा, पत्र शक्यतो कन्नड किंवा इंग्रजीत. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या, आसपास कोल्हापूरचा सराव ठेवू नका, बसचा भरवसा नसतो. बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जाणार असाल तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी पोचाल असं तिकीट काढा. रात्रभर बर्थवर आखडलेला खांदा उतरत्याच दिवशी ७५ मिनिटांत ६० शॉट नीट मारत नाही. विमानानं जाणाऱ्यांनी सिलिंडर आधीच रिकामा करावा आणि तिथं तो कुठं भरून मिळेल हे आयोजकांना फोन करून विचारून ठेवावं.