दोन लॅपटॉपवर एकच सापशिडी: जावात कशी करावी

जावा बसवलेलं आहे आणि लूप-ॲरे कळतात, असं धरून चालतो.

पट सोपा. 101 आकड्यांचा ॲरे घ्या, शून्याचं घर सोडून द्या. सापाच्या तोंडाच्या घरात शेपटीचा आकडा, शिडीच्या पायथ्याला माथ्याचा, बाकी घरांत स्वतःचाच. सोंगटी जिथे येईल तिथला आकडा वाचायचा आणि तिथे जायचं. 100 च्या पुढे जात असेल तर जागेवरच. रंग, चित्रं, खिडक्या नंतर. आधी काळ्या पडद्यावर खेळ चालू द्या.

फासा सर्व्हरनंच, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमनंच, टाकायचा. क्लायंटनं, म्हणजे खेळाडूसमोरच्या प्रोग्रॅमनं, फक्त ‘टाक’ म्हणायचं. आकडा क्लायंटकडून घेतलात तर काय होतं, ते माझ्या भाच्यानं ओळीनं सहा-सहा पाडून दाखवलंय.

सर्व्हरसॉकेट (क्लायंटला आत घेणारं दार) उघडा, पोर्ट (त्या दाराचा क्रमांक) 5000 चालेल, ॲक्सेप्ट दोनदा बोलवा, दोन खेळाडूंसाठी. थ्रेड (एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं) लागतातच असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सापशिडीत एका वेळी एकच खेळतो. ज्याची पाळी त्याचंच वाचा.

आता खरी अडचण. दोन्ही बाजूंना ओळ वाचणारी रीडलाइन आहे, आणि तिला ओळ संपल्याची खूण मिळेपर्यंत ती जागची हलत नाही. मी सर्व्हरवरून ‘तुझी पाळी’ पाठवलं, पण प्रिंटनं. क्लायंट ओळीच्या शेवटाची वाट बघतोय, सर्व्हर क्लायंटच्या उत्तराची. एरर नाही, काही नाही, कर्सर लुकलुकतोय. नागपुरातला मे महिना, कूलरची घरघर, रात्रीचे दोन. मी फायरवॉल बंद केला, राउटर बदलला. प्रिंटरायटरला ऑटोफ्लश (साचलेलं लगेच पुढे ढकलणं) ‘ट्रू’ दिलं. ते प्रिंटलनवर चालतं, नुसत्या प्रिंटवर नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक! मग हातानं फ्लश केलं, तरी तेच. वैतागून सर्व्हर बंद केला, तर पलीकडे ‘तुझी पाळी’ उमटलं. म्हणजे अक्षरं केव्हाच पोहोचली होती.

खोलीतला मित्र झोपेतून उठून म्हणाला, “तू ओळ वाचाले सांगते, पण ओळ सरली हे त्याले कसं समजन बे?”

टीसीपी, म्हणजे या दोघांमधली जोडणी, नुसते बाइट वाहून नेतं. निरोप कुठे संपला हे त्याला माहीत नसतं. म्हणून प्रत्येक निरोप प्रिंटलननं (ओळ संपल्याची खूण तेच जोडतं, प्रिंट नाही), एका ओळीत, आणि ऑटोफ्लश चालू. शिवाय ‘तुझी पाळी’ आल्यावरच क्लायंटनं आपलं ‘टाक’ पाठवावं. उतावीळपणे आधीच पाठवलेलं तसंच साचून राहतं आणि पुढच्या पाळीला आपोआप खपतं. रीडलाइननं नल (म्हणजे ‘काहीच नाही’) दिलं तर समोरचा उठून गेला असं समजा आणि खेळ थांबवा.

चालवताना सर्व्हर आधी, क्लायंट मागून. दुसऱ्या लॅपटॉपवर ‘लोकलहोस्ट’ लिहू नका, तो स्वतःलाच हाक मारत बसेल. सर्व्हरच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता द्या. हॉस्टेलच्या वायफायवर कधीकधी एका लॅपटॉपला दुसरा दिसूच देत नाहीत. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि दोघंही त्याच्यावर या.