स्क्रोल सॉचं पॅटर्न कॉम्प्युटरवर साफ कसं करायचं: जाड रेष घालवा, बाकी सगळं नंतर

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक ब्लेडने लाकडात नक्षी कापायचं मशीन, आणि पॅटर्न म्हणजे त्यासाठी लाकडावर चिकटवायचं कागदी चित्र. ते पॅटर्न पुसट दिसतंय? मग कॉन्ट्रास्ट वाढवा आणि प्रिंट काढा. हा सल्ला इतक्या ठिकाणी वाचलाय की आता खरंच राग येतो. कॉन्ट्रास्ट वाढवल्याने रेष काळी होते, बारीक होत नाही. आणि दीड मिलिमीटर जाड रेषेवर ब्लेड न्यायचं कुठून, डावीकडून, उजवीकडून की मधून? कापताना हा प्रश्न दर वळणावर पडतो आणि हात तिथेच अडखळतो. मग लोक ब्लेड बदलतात, मशीनचा स्पीड बदलतात, पण दोष कागदावरच असतो. आपल्याला हवी बारीक, एकेरी, सलग रेष, बस.

स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये करा आणि पीएनजीत सेव्ह करा, कारण जेपीजीमध्ये रेषेच्या आजूबाजूला करडी धूळ जमते. मोबाइलने फोटो काढू नका, कागद थोडा जरी तिरपा आला तरी गोल लांबट होतो. मग गिंप या फोटो एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये थ्रेशोल्ड लावा, म्हणजे करडं सगळं एकतर काळं नाहीतर पांढरं होतं, स्लायडर सरकवत जा आणि बारीक रेषा तुटायला लागल्या की जरासं मागे या. झालं.

आता खरं काम, ट्रेस, म्हणजे चित्रावरून प्रोग्रामकडून नव्या रेषा काढून घेणं. इथेच मी कितीतरी दिवस अडकलो होतो.

इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्राममध्ये चित्र घेऊन ट्रेस बिटमॅप उघडलं की साधारण सगळेच ब्राइटनेस कटऑफ वापरतात. पण प्रोग्रामला रेष ही रेष म्हणून कळत नाही, त्याला तो एक लांबट काळा आकार वाटतो, मग तो त्या आकाराच्या दोन्ही कडा काढून देतो. फिल (आतला रंग) काढून स्ट्रोक (कडेची रेष) दिला की एका रेषेच्या जागी दोन समांतर रेषा दिसतात. मी एकदा पंख पसरलेला पक्षी असाच ट्रेस केला, दोन रेषा दिसत होत्या, म्हटलं यातली कुठलीही धरली तरी चालेल, आणि पिसांमधल्या पुलाच्या (दोन भाग जोडून ठेवणाऱ्या लाकडाच्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंना नेमकी आतली रेष धरली. ४ मिलिमीटरचा पूल प्रत्यक्षात अडीचचा राहिला आणि पॉलिश पेपरने घासताना मोडला. सगळं कापून झाल्यावर. तेव्हापासून दुहेरी रेषेचं पॅटर्न मी लाकडावर चिकटवतच नाही.

त्याऐवजी त्याच ट्रेस बिटमॅपमध्ये सेंटरलाइन ट्रेसिंग निवडा. इंकस्केप १.० मध्ये, म्हणजे २०२० मध्ये, ही सोय आली. ती रेषेच्या मधोमध एकच पाथ, म्हणजे एकेरी रेष, काढते. फक्त एक लक्षात ठेवा, मूळ पॅटर्नमध्ये कापायचा भाग पूर्ण काळा भरलेला असेल तर ब्राइटनेस कटऑफच बरोबर, कारण तिथे काळ्या भागाची कड हीच कापायची रेष असते.

पण सेंटरलाइनवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दोन रेषा जिथे मिळतात तिथे ती छोटासा बाक काढते आणि टोकदार कोपरे गोल करते. चोच, पानाचं टोक, अक्षरं, डोळा, हे सगळं मी मूळ चित्राचा लेयर लॉक करून पेन टूलने हातानेच काढतो. वेळ लागतो, पण कापताना तो वेळ वसूल होतो. आणि नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू, बघा! एका साध्या वळणाला ३-४ नोड पुरतात, ट्रेस तिथे चाळीस टाकतो, आणि अशा रेषेला जी बारीक थरथर असते ती स्क्रीनवर दिसत नाही पण ब्लेड ती इमानदारीने फॉलो करतं. कंट्रोल आणि एल दाबून सिम्प्लिफाय (नोड कमी करायची कमांड) एकदा करा, फार तर दोनदा, तिसऱ्यांदा केलं की कोपरे गेलेच समजा. नंतर ४०० टक्के झूम करून पूर्ण पॅटर्न फिरून बघा, तुटलेली टोकं दिसली की दोन्ही नोड निवडून जोडा.

रेषेचा रंग लाल ठेवा. काळी रेष ब्लेडने पडलेल्या काळपट फटीशेजारी हरवते, लाल दिसत राहते. जाडी पाव मिलिमीटर. काढून टाकायच्या भागाला फिकट करडा फिल द्या, गडद काळा नको, त्यात कड दिसत नाही आणि शाईही जाते. फिल दिल्यावर लगेच कळतं की कुठला तुकडा चारही बाजूंनी करड्याने वेढलाय, तो कापल्यावर खाली पडणार, त्याला पूल काढून द्या. प्रत्येक करड्या भागात ब्लेड आत घालायच्या ड्रिलसाठी एक ठिपका टाका, रेषेपासून जरा आत.

साइज बदलायची असेल तर पुलांची रुंदी त्यानंतर मोजा. पॅटर्न निम्मं केलं की ३ मिलिमीटरचा पूल दीडचा होतो, आणि रेषेची जाडीसुद्धा बदलू शकते, ती सेटिंग बघून घ्या.

प्रिंट नेहमी १०० टक्क्यांना, फिट टू पेज बंद करून. पॅटर्नच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा एक चौकोन काढून ठेवा आणि प्रिंट आल्यावर स्टीलच्या पट्टीने मोजा. ४८ भरला तर प्रिंटरने कागदाच्या मापात बसवण्यासाठी आकार कमी केलाय, तो कागद फेकून सेटिंग बदला आणि परत काढा. ५० भरला की मग चिकटवायला घ्या.