कोन फिल्टर बसवला आणि गाडी अडखळायला लागली

इंजिनात जाणारी हवा गाळणारा, तेल लावायचा कोन फिल्टर बसवल्यापासून खंबाटकी घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर मान टाकायची. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग गाडीतल्या फ्युएल पंपावर संशय घेतला. पैसे गेले, झटका तिथेच. शेवटी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मोजलेल्या हवेवरून ठरणाऱ्या इंधनात संगणक किती टक्के वाढ करतोय ते) आयडलला +४ टक्के, पण २५०० आरपीएमवर लोड दिला की +१८! व्हॅक्यूम गळती, म्हणजे न मोजलेली हवा फटीतून आत शिरत असती तर उलटं दिसलं असतं, आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी. म्हणजे संशय हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरवर, तोच कमी मोजत असावा. तो काढला, तर त्याच्या तारेवर तेलकट धूळ. (फिल्टरला हौसेने तेल मीच चोपडलं होतं.) मॅफ क्लीनर फवारला, ब्रश अजिबात नाही, पूर्ण वाळू दिला, जुने ट्रिम रिसेट केले. आता +३. कोन फिल्टर माळ्यावर.