बोर्डावर लावायच्या आधी सुपरवायझरला सांगा

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग कंपनीत मी पर्सोनेल आणि टाइम ऑफिसचं काम बघते. तीन पाळ्या, सीएनसी आणि व्हीएमसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनच्या रांगा, परमनंट, ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टची मुलं धरून दोनशेच्या घरात माणसं. शेजारपाजारच्या कंपन्यांतले ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात, ‘मॅडम, आमच्याकडे निरोप नीट पोचत नाहीत, एखादं चांगलं अ‍ॅप सांगा.’ मी त्यांना उलट विचारते, तुमच्याकडे नोटीस लागते तेव्हा सुपरवायझरला ती कधी कळते? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: सगळ्यांबरोबरच, बोर्डावर वाचून.

दुरुस्ती इथून सुरू करा. कामगार नोटीस वाचतो आणि लगेच वळून आपल्या सुपरवायझरला विचारतो, ‘साहेब, हे काय नवीन?’ त्यावर सुपरवायझर म्हणाला, ‘मला तरी कुठं माहितीय, आत्ताच बघतोय,’ तर त्या कागदाची किंमत तिथेच संपली. वर त्या सुपरवायझरचाही मान गेला. उद्या तो जे सांगेल तेही लोक अर्धंच ऐकतील.

म्हणून नियम असा करा: कामाची वेळ, बस, कँटीन, सुट्टी, पगार, टार्गेट यातलं काहीही बदलणार असेल तर कागद लावायच्या आधी सुपरवायझर आणि लाइन लीडर यांना एकत्र बोलवायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. काय बदलतंय, कधीपासून आणि कशासाठी, एवढं सांगायचं. मग त्यांना विचारायचं, ‘तुमची मुलं यावर काय विचारतील?’ हा प्रश्न कधीही गाळू नका. ऑफिसात बसून आपल्याला सुचत नाहीत ते प्रश्न ते जागच्या जागी काढतात: ‘ओव्हरटाइमला थांबलेल्यांना बस मिळणार का?’, ‘ट्रेनींनाही हेच लागू आहे का?’ त्यांची उत्तरं नोटिशीत घालायची आणि मगच ती लावायची.

या बैठकीला कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझरही हवा. त्याला वगळलं तर निम्मी लाइन वगळली जाते. आणि तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर रात्री बाराला येतो, तेव्हा ऑफिसला कुलूप असतं. त्याला दुसऱ्या पाळीवाल्याने सांगितलं की नाही, हे नशिबावर सोडू नका. आमच्याकडे महत्त्वाचा बदल असेल तर प्लँट हेड स्वतः रात्री बाराला थांबतात. ते शक्य नसेल तर फोन करा, पण कोणीतरी अधिकाऱ्याने स्वतः बोलायला हवं.

पाळी बदलतानाची पाच मिनिटं

कंपनीत सर्वात जास्त निरोप हरवतात ते पाळी बदलताना, आणि त्यासाठी सर्वात कमी वेळ दिलेला असतो. एक जण बस पकडायच्या घाईत, दुसरा नुकताच गेटमधून आत येतोय. लॉगबुकात ‘मशीन ओके’ लिहिलेलं.

हे किती महागात पडू शकतं याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट झाले आणि १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसा दुरुस्तीसाठी काढून त्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीच्या लोकांनी हा पहिला पंप चालू करायला घेतला. त्याचा व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. १९९० साली आलेल्या न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात वर्क परमिटची, म्हणजे दुरुस्तीच्या कामाला लेखी परवानगी देण्याची पद्धत आणि पाळी देण्याघेण्यातली त्रुटी यांवर स्पष्ट बोट ठेवलं आहे. आपल्याकडे एवढी आग लागणार नाही, पण बोट जाऊ शकतं, माल परत येऊ शकतो.

आमच्या लॉगबुकातलं एका चांगल्या ऑपरेटरने लिहिलेलं पान मी नव्या ट्रेनींना दाखवते. ‘मशीन ४. इन्सर्ट रात्री नऊला बदलला. झिजतोय तसा बोअर बारीक होतोय, वीस पीसनंतर मापून ऑफसेट द्या. चक जॉ नंबर दोनमध्ये चिप अडकते, प्रत्येक लोडिंगला हवा मारा. लाल बिनमधले सहा पीस क्वालिटीने बघितलेले नाहीत, लाइनवर घेऊ नका.’ (इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं पातं, बोअर म्हणजे पीसमधलं भोक, ऑफसेट म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, चक जॉ म्हणजे पीस पकडणारा जबडा.) चार ओळी आहेत, पण येणाऱ्या माणसाला काय करायचं आणि काय करायचं नाही, दोन्ही कळतं.

अशी चार वाक्यं लोकांकडून हवी असतील तर वहीत रकाने आखून द्या: काय बदललं, कशावर लक्ष ठेवायचं, काय अर्धवट राहिलं, कशाला हात लावायचा नाही. ‘ओके’साठी रकानाच ठेवू नका. आणि दोघांनी मशीनपाशी उभं राहून बोलायचं, केबिनमध्ये नाही, कारण मशीन समोर असलं की विसरलेलं आठवतं. येणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मग सही. यासाठी पाळ्या पाच-दहा मिनिटं एकमेकींवर चढवाव्या लागतात आणि त्या मिनिटांचे पैसे द्यावे लागतात. द्या. फुकटात हे होत नाही, आणि लोकांच्या वेळेतून ते मागणं बरोबरही नाही.

नोटीस माणसासारखी लिहा

दर वर्षी ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात आणि आमच्या बसचं वेळापत्रक कोलमडतं. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघी-विश्रांतवाडीकडून येते, देहूहून तुकाराम महाराजांची आकुर्डीचा मुक्काम करून पिंपरी-दापोडीकडून. दोन रात्री पुण्यात काढून पालख्या हडपसरच्या दिशेने निघतात, म्हणजे त्या दिवशी हडपसरची बस अडते. अशा वेळी कंपन्यांच्या गेटवर जे कागद दिसतात ते साधारण असे असतात:

‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, पालखी सोहळ्यानिमित्त वाहतूक मार्गात बदल करण्यात आल्याने बससेवा अंशतः बाधित होण्याची शक्यता असून सर्वांनी सहकार्य करावे.’

हे वाचून हडपसरच्या माणसाने पहाटे किती वाजता उठायचं? तोच मजकूर असा लिहिता येतो:

‘शनिवारी पहिल्या पाळीची हडपसर बस गाडीतळावरून पाच वाजता निघेल, रोजच्यापेक्षा पाऊण तास आधी. विश्रांतवाडी आणि दिघीचे थांबे त्या दिवशी नाहीत. तिथल्यांनी स्वतःच्या गाडीने यावं, पेट्रोलचे पैसे पगारात मिळतील. वारीमुळे उशीर झाला तर लेटमार्क लागणार नाही. अडचण आली तर टाइम ऑफिसला फोन करा.’

दिवस, वेळ, जागा, पैसे आणि कोणाला विचारायचं, हे सगळं आलं. शेवटून दुसरं वाक्य सर्वात मोलाचं, कारण माणूस नोटीस वाचतो ती ‘माझं नुकसान होणार का’ हे शोधत. त्याचं उत्तर दडवू नका. नुकसान होणार असेल तर तेही सरळ लिहा.

भाषेचं बघा. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच गेटवरच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायची अट घातली होती, तरी कितीतरी ठिकाणी अजून फक्त इंग्रजी कागद दिसतो. मराठी मोठ्या अक्षरात, खाली हिंदी, कारण बिहार, झारखंड, ओडिशातून आलेली मुलं आपल्या लाइनवर आहेत. क्वालिटीची तक्रार आली असेल तर शब्दांपेक्षा फोटो बरा: एका पानावर एकच मुद्दा, डावीकडे चुकीचा पीस, उजवीकडे बरोबर पीस. टीपीएम, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीनची देखभाल करायची पद्धत, पाळणाऱ्या कंपन्यांत याला वन पॉइंट लेसन म्हणतात. ते मशीनवर लावा, ऑफिसबाहेर नाही. आणि नोटिशीवर काढायची तारीख घाला. गेल्या दिवाळीची यादी अजून लटकत असेल तर बोर्डाकडे कोणी बघत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. शॉप फ्लोअरवर फोन न्यायला बंदी असेल, आणि सुरक्षेसाठी ती असावीच, तर ग्रुपवरचा मेसेज जेवणाच्या सुट्टीत वाचला जातो. तातडीचं काम त्यावर टाकू नका. सूचनांचा एक ग्रुप, ज्यावर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील, आणि प्रत्येक विभागाचा एक, एवढं पुरतं. ‘गुड मॉर्निंग’ आणि फुलांचे फोटो सूचनांच्या ग्रुपवर येऊ लागले की लोक तो म्यूट करतात, मग तुमची नोटीसही म्यूट होते. सुट्टीच्या दिवशी आणि रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला दुपारी मेसेज टाकून उत्तराची अपेक्षा धरू नका.

खालून वर

वरून खाली निरोप धाडायला सगळेच शिकतात. उलट रस्ता बांधायला जास्त कष्ट आहेत, आणि माझ्या मते कंपनीचं भलं त्यातच जास्त आहे. कूलंटचा वास बदलला, क्रेनचा आवाज वेगळा येतोय, हे सर्वात आधी तिथे उभ्या असलेल्या माणसाला कळतं.

सूचना पेटी ठेवली असेल तर तिच्याशेजारी उत्तरांचा कागद लावा. आमची सुट्टी गुरुवारची, भोसरी-पिंपरी पट्ट्यात बहुतेकांची तीच असते, म्हणून आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. शुक्रवारी सकाळी पेटी उघडायची आणि त्याच दिवशी प्रत्येक सूचनेसमोर लिहायचं: करतोय, या तारखेपर्यंत, किंवा करत नाही, या कारणासाठी. ‘विचाराधीन’ हा शब्द लिहायचा नाही. ‘नाही’ म्हटलं तरी माणसं समजून घेतात, कारण दिलं असेल तर. उत्तरच आलं नाही तर दोन महिन्यांत पेटीत कागद पडणं थांबतं.

काही गोष्टी पेटीत टाकता येत नाहीत. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि समितीची माहिती ठळक जागी लावणंही. आमच्याकडे ती नावं आणि फोन नंबर गेटवर आहेत, शिवाय बायकांच्या चेंजिंग रूममध्ये आतल्या बाजूने, म्हणजे वाचताना कोणी बघत नाही. कँटीनच्या मावशी आणि हाउसकीपिंगच्या बायका कॉन्ट्रॅक्टच्या असल्या तरी कायदा त्यांनाही लागू आहे. मी त्यांना कागद वाचून दाखवते, कारण साऱ्यांनाच सहज वाचता येतं असं नाही.

ठरलेलं नसेल तेव्हा

गणपती उठले की बोनसची कुजबुज सुरू होते. कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के, मग यंदा मधला कुठला आकडा? मॅनेजमेंट ‘ठरलं की सांगू’ म्हणून गप्प बसते आणि चहाच्या टपरीवर रोज नवा आकडा निघतो. आकडा ठरला नसला तरी तारीख ठरवता येते. ‘बोनसची बोलणी चालू आहेत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता सांगू’ असं सांगा आणि त्या दिवशी, त्या वेळी सांगाच. बोलणी लांबली तरी तीन वाजता समोर उभं राहून ‘अजून झालं नाही, पुढची तारीख ही’ एवढं बोला. ऑर्डर कमी झाल्या, पाळी बंद होणार, अशा वाईट बातम्यांना तर हे जास्तच लागू आहे, आणि त्या मालकाने किंवा प्लँट हेडने स्वतः सांगायच्या. त्या सुपरवायझरच्या गळ्यात मारू नका.

हिंजवडी-खराडीच्या आयटी ऑफिसांत मशीनच्या जागी तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं असतात आणि पाळी घेणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असतो. त्यांनाही काय बदललं, काय अर्धवट आहे, कशाला हात लावायचा नाही हेच लिहावं लागतं, आणि तिथेही टीम लीडला बातमी सगळ्यांच्या मेलवरूनच कळत असेल तर दुरुस्ती तिथूनच सुरू होते.

हे सगळं जमतंय का, ते बघायला मोठा सर्व्हे लागत नाही. एखादी नोटीस लावल्यावर दोन दिवसांनी रात्रपाळीत चक्कर मारा. एका परमनंट माणसाला, एका ट्रेनीला आणि एका कॉन्ट्रॅक्टच्या मुलाला वेगवेगळं गाठून विचारा, ‘काय बदललंय आणि तुला काय करायचंय?’ तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर त्यांना रागावू नका. ज्याला कमी माहीत होतं त्याचा निरोप कोणाकडून यायचा होता ते बघा, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला आधी बोलवा.