जीएसटी ऑडिटची तयारी : ठेकेदारांनो, या चुका टाळा

‘साहेब, सगळं यात आहे,’ असे म्हणून एका ठेकेदाराने माझ्या टेबलाशेजारी सिमेंटची रिकामी गोणी ठेवली, तेव्हा ऑडिटची तारीख चार दिवसांवर आली होती. गोणीत तीन वर्षांची बिले, डिझेलच्या पावत्या, मजुरांचे हजेरीपट आणि कोणाच्या तरी लग्नाची पत्रिकाही होती. डिझेलच्या बहुतेक पावत्यांवरची शाई उडून ते कागद कोरे झाले होते. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळतच नाही. वाईट याचे वाटले की एडीटी-०१ ही नोटीस कायद्याने ऑडिटच्या किमान १५ कामकाजाच्या दिवसांआधी द्यावी लागते, ती त्यांना वेळेवर मिळालीही होती, आणि त्यातले बहुतेक दिवस त्यांनी विभागात कोणी ओळखीचे निघते का, या शोधात घालवले होते. मूल्यवर्धित कर राज्यात लागू झाला त्या २००५ सालापासून मी छोट्या ठेकेदारांचे हिशेब पाहतो आहे. व्हॅट गेला, त्याच्या ऑडिट अहवालाचा ७०४ नमुना गेला, पोर्टल आले. ही ओळखीच्या माणसाची शोधाशोध मात्र अजून संपलेली नाही.

नोटीस आल्यावर आधी तिच्यावरचा नमुना क्रमांक वाचावा. एडीटी-०१ म्हणजे कलम ६५ खालचे ऑडिट, एएसएमटी-१० म्हणजे विवरणपत्रांच्या छाननीत आढळलेल्या तफावतीबद्दलची विचारणा, आणि आयएनएस-०१ म्हणजे कलम ६७ खाली तपासणी किंवा झडती घेण्याचा अधिकार देणारा कागद. या तिन्हींना सरसकट ‘जीएसटीवाले आले’ असे म्हणणारा माणूस साध्या छाननीला घाबरून भलतेच कबूल करतो आणि झडतीच्या वेळी मात्र अधिकारपत्र पाहायचे विसरतो.

नोटीस मिळालीच नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. नोंदणी करताना ज्या अकाउंटंटचा मोबाइल आणि ईमेल दिला होता, तो काम सोडून गेलेला असतो आणि नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याच्या दृष्टीने बजावलेलीच असते. संपर्काचा तपशील स्वतःचा ठेवावा आणि महिन्यातून दोनदा पोर्टलवरच्या नोटिसांच्या दोन्ही पानांवर जाऊन पाहावे. ‘अतिरिक्त नोटिसा’ हे दुसरे पान बहुतेकांना ठाऊकच नसते.

आता ज्या चुकीवर मी आजवर सर्वाधिक बोललो आणि जिचा सर्वांत कमी उपयोग झाला, तिच्याकडे वळतो. बँकेत जमा झाली तेवढीच उलाढाल, असे समजणारे ठेकेदार अजूनही आहेत आणि त्यांना तसे शिकवणारे अकाउंटंटही आहेत. सरकारी कामाचे आरए बिल (काम पुढे जाईल तसे निघणारे चालू बिल) कधीच पूर्ण हातात पडत नाही. समजा बिल २०,००,००० रुपयांचे आहे. त्यावर १८ टक्के दराने ३,६०,००० रुपये जीएसटी, म्हणजे एकूण २३,६०,००० रुपये झाले. त्यातून मालकी व्यवसाय असल्यास एक टक्का प्राप्तिकर म्हणून २०,०००, दोन टक्के जीएसटी टीडीएस (बिलातूनच कापलेला कर) म्हणून ४०,०००, बांधकाम कामगारांच्या कल्याण उपकराचे एक टक्क्याप्रमाणे २०,००० आणि पाच टक्के सुरक्षा अनामत धरली तर १,००,००० रुपये कापले जातात. खात्यात २१,८०,००० रुपये येतात. माझ्याकडे आलेल्या एका ठेकेदाराचा अकाउंटंट या आकड्याला १.१८ ने भागून उलाढाल १८,४७,४५८ रुपये दाखवत असे. प्रत्येक बिलामागे २७,४५८ रुपये कर कमी भरला जात होता, आणि हे वर्षभर प्रत्येक बिलाला चालले होते.

ऑडिटच्या दिवशी अधिकाऱ्याने एकच कागद समोर ठेवला. त्यावर तीन रकाने होते: काम देणाऱ्या कार्यालयाने जीएसटीआर-७ या टीडीएसच्या विवरणपत्रात दाखवलेले मूल्य, प्राप्तिकराच्या २६एएस या कापलेल्या कराच्या पत्रकातली रक्कम आणि आमची जीएसटीआर-३बी, म्हणजे आम्ही कर भरताना दिलेले विवरणपत्र. पहिले दोन रकाने रुपयाला रुपया जुळत होते, तिसरा कुठेच जुळत नव्हता. ठेकेदार मला म्हणाले, ‘पण एवढे पैसे मला मिळालेच नाहीत.’ त्यांचे म्हणणे खरे होते, पण गैरलागू होते. कापलेली रक्कम ही तुमच्याच मोबदल्यातून केलेली वजावट असते, तिच्यामुळे कामाचे मूल्य घटत नाही. त्याहून कठीण गोष्ट पुढे निघाली. कापलेला दोन टक्के जीएसटी टीडीएस पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, तेव्हाच तो रोख खातेवहीत जमा होतो. या गृहस्थांनी तो एकदाही स्वीकारला नव्हता. म्हणजे प्रत्येक बिलाचे ४०,००० रुपये त्यांच्याच नावाने तिथे पडून होते, आणि तेच गृहस्थ कमी भरलेल्या करावर १८ टक्के व्याज भरत होते.

यावर माझा उपाय साधा आहे आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. प्रत्येक आरए बिलाच्या मागे मी एक पान टाचून ठेवतो: वर बिलाची पूर्ण रक्कम, खाली एकेक वजावट, सर्वांत खाली बँकेत आलेली रक्कम आणि तिची तारीख. पान पेनाने लिहायचे, बिल मंजूर झाले त्याच आठवड्यात. तरुण मुले मला सांगतात की हे एक्सेलमध्ये वर्षअखेरीला एका तासात होते. होत असेलही, पण पाचव्या बिलात कापलेले १४,००० रुपये रॉयल्टीचे होते की दंडाचे, हे वर्षअखेरीला कोणालाच आठवत नाही आणि कार्यालयातला तो लिपिकही तोवर बदलून गेलेला असतो.

याला जोडूनच काम सुरू करायला मिळणाऱ्या आगाऊ रकमेची, म्हणजे मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्सची गोष्ट येते. सेवेसाठी आगाऊ मिळालेल्या रकमेवर ती मिळाली त्या महिन्यातच कर लागतो. मालाच्या आगाऊ रकमेला नोव्हेंबर २०१७ पासून मिळालेली सूट वर्क्स काँट्रॅक्टला (मालासकट घेतलेल्या बांधकामाच्या ठेक्याला) लागू नाही, कारण कायद्याने ती सेवा आहे. ‘व्याजाने मिळाली म्हणून ती कर्जाऊ रक्कम’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

इनपुट क्रेडिटच्या चुका थोडक्यात सांगतो, कारण त्यांत नवे काही नाही. स्वतःच्या बंगल्याला लागलेल्या सिमेंटचे क्रेडिट घेऊ नये. माल कुठे उतरला ते बिलावरच छापलेले असते. जेसीबी आणि टिपरचे क्रेडिट मिळते, मालकाच्या एसयूव्हीचे मिळत नाही. २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलने बनवलेले क्रेडिटचे पत्रक, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते, ती त्याच दिवशी उतरवून ठेवावी आणि तिच्यात नसलेले बिल ‘पुरवठादार भरणारच आहे’ या भरवशावर धरू नये. वाहतुकीबाबत मात्र दोन्ही टोकांचे लोक भेटतात. काही जण भाड्यावर रिव्हर्स चार्ज (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर) कधीच भरत नाहीत, तर काही जण घाबरून प्रत्येक टिपरवाल्याच्या भाड्यावर भरतात. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) देणारी ट्रान्सपोर्ट एजन्सी आणि आपला एकच टिपर बिल्टीशिवाय फिरवणारा गाववाला यांत कायदा फरक करतो. तो फरक करायचा कंटाळा करू नये.

नियम ५६ नुसार वर्क्स काँट्रॅक्ट करणाऱ्याने प्रत्येक कामाचा वेगळा हिशेब ठेवायचा असतो: काम कोणाचे, त्यासाठी काय आणि किती आले, काय वापरले, पैसे किती मिळाले आणि पुरवठादार कोण. एका कामाची एक फाईल, आणि फाईलमध्ये वर्क ऑर्डर सर्वांत वर. खडी तीन साइटवर वाटून गेली असेल तर ती कशी वाटली, याची मुकादमाच्या वहीतली नोंदसुद्धा चालते, फक्त ती त्या वेळची हवी.

‘त्या वेळची’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण माझी दुसरी दुखरी नस इथेच आहे. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याच्या बिलावर घेतलेले क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते आणि पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. एका ठेकेदाराची खडी क्रशरवाल्याकडे मोठी उधारी थकली होती. मी त्यांना क्रेडिट उलटवायला सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि मला न विचारता क्रशरवाल्याकडून रोख पैसे मिळाल्याच्या १२ पावत्या आणल्या. त्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या अधिकाऱ्याच्या हातात. पावत्यांवरच्या तारखा १४ महिन्यांत पसरलेल्या होत्या आणि पावती क्रमांक मात्र ४१ पासून ५२ पर्यंत सलग होते. अधिकाऱ्याने आवाज चढवला नाही. त्यांनी इतकेच विचारले, ‘या १४ महिन्यांत क्रशरवाल्याने तुमच्याशिवाय कोणालाच पावती दिली नाही का?’ त्यानंतर त्यांनी पावतीवरच्या छापील पत्त्यावर बोट ठेवले. तो पत्ता ज्या नव्या जागेचा होता, तिथे क्रशरवाले त्या पावत्यांच्या तारखांनंतर गेले होते.

एरवी हे प्रकरण कलम ७३ चे, म्हणजे लबाडी नसलेल्या चुकीचे होते, आणि कारणे दाखवा नोटिशीआधी कर व व्याज भरले असते तर दंड शून्य होता. बनावट पावत्यांमुळे ते कलम ७४ मध्ये गेले, जिथे दंड कराइतकाच लागू शकतो आणि विभागाला आदेश काढायला तीनऐवजी पाच वर्षे मिळतात. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४ए लागू आहे, पण चूक आणि लबाडी यांच्या दंडातला फरक तिथेही तसाच आहे. कागद नसेल तर ‘नाही’ म्हणावे. नसलेल्या कागदासाठी फार तर क्रेडिट जाते.

ऑडिटच्या दिवशी कागद देताना यादी करावी, तिच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि विचारले नाही ते सांगू नये. तोंडी उत्तरात आकडा सांगू नये. ‘पाहून लेखी देतो’ म्हणण्यात कमीपणा नाही. संपूर्ण लॅपटॉप उघडून समोर ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. दर्शनी भागात नोंदणी प्रमाणपत्र आणि फलकावर जीएसटी क्रमांक नसणे, ही एवढीशी बाबही टिपली जाते.

‘डीआरसी-०३ ने भरून टाका आणि विषय मिटवा’ हा सल्ला घाईच्या सल्लागारांकडून हमखास मिळतो; डीआरसी-०३ म्हणजे स्वतःहून कर भरण्याचा नमुना. ज्या मुद्द्यावर आपली चूक आहे तिथे तो अगदी योग्य आहे आणि मी स्वतः लगेच भरायला लावतो. पण विभागाच्या नऊपैकी चार मुद्दे चुकीचे असताना नऊच्या नऊ भरून आलेला माणूस पुढच्या वर्षी त्याच चार मुद्द्यांवर पुन्हा भरतो, कारण मागच्या वर्षी त्याने ते मान्य केलेले असतात.

ऑडिट सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत संपवायचे असते, आयुक्त ते आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतात, आणि त्यानंतर ३० दिवसांत निष्कर्ष एडीटी-०२ मध्ये मिळतात. तो कागद त्या वर्षाच्या फाईलमध्येच लावावा. कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. २०२३-२४ ची ती मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणून त्या वर्षाच्या फाईलच्या पाठीवर मी मार्करने ‘३१ डिसेंबर २०३०’ असे लिहून ठेवले आहे. अपील चालू असेल तर त्या तारखेपुढे ‘किंवा निकालानंतर एक वर्ष, जे नंतर असेल ते’ एवढे शब्द मी जोडतो आणि फाईल खालच्या कप्प्यात न ठेवता वरच्याच कप्प्यात ठेवतो.