सोयाबीनच्या मुळावरचा जिवाणू आणि कपाशीच्या बियाण्यातला जिवाणू: पेरणीआधी दोघांची ओळख करून घ्या

मृग लागला की पेरणीची धांदल उडते आणि त्या धांदलीत सर्वांत आधी राहून जाते ती बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि जिवाणू लावणे. यंदा ती टाळू नका, ही कळकळीची विनंती.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू तो पकडून झाडाला देतात आणि झाडाकडून साखर घेतात. तुमची मुले शाळेत नत्रचक्राची आकृती काढतात ना, त्यातला हा एक बाण आपल्याच वावरात आहे.

दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम आणि 250 ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू संवर्धक लावा. पाकीट सोयाबीनचेच हवे. हरभऱ्याच्या संवर्धकाने सोयाबीनला गाठी येत नाहीत. मुदत बघून घ्या आणि घरी आणल्यावर उन्हात ठेवू नका, आतले जिवाणू मरतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी संवर्धक, हा क्रम मोडू नका. सोयाबीनची साल फार नाजूक असते, म्हणून बी जोराने चोळू नका, हलक्या हाताने खालीवर करा. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. अर्थात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय तिफण काढू नये.

पेरणीला 35-40 दिवस झाले की एक झाड कुदळीने मातीसकट काढा. उपटाल तर गाठी जमिनीतच राहतील. बादलीतल्या पाण्यात मुळे अलगद धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर जिवाणू कामाला लागले आहेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्याच एका द्रव्याचा असतो. हिरवट किंवा तपकिरी निघाली तर ती गाठ काम करत नाही. घरातल्या मुलांना हे जरूर दाखवा.

गाठी गुलाबी असतील तर युरियाचे पोते उघडू नका. जमिनीत आयता नत्र मिळाला की झाड गाठी पोसत नाही. दरवर्षी शेतकरी विचारतात, "पाने पिवळी पडलीत, युरिया देऊ का?" आधी पान नीट बघा. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते. तिथे युरियावरचा खर्च वाया जातो.

कपाशीचे वेगळे आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे जनुकच बीटी बियाण्यात बसवलेले असते. त्यापासून झाडात तयार होणारे प्रथिन अळीच्या पोटात गेले की आतड्याला छिद्रे पडतात आणि अळीचे खाणे थांबते. देशात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पण गुलाबी बोंडअळी आता या दोन्ही प्रथिनांना दाद देत नाही. 2017 च्या हंगामात याच अळीने विदर्भ-मराठवाड्यात केलेले नुकसान विसरू नका. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर तर बीटीचा परिणाम कधीच नव्हता. म्हणून "बीटी लावली, आता काळजी नाही" असे समजून स्वस्थ बसू नका. पाकिटासोबत बिगर-बीटी बी वेगळे दिले असेल तर ते फेकू नका, शेताच्या कडेने लावा. तणनाशकाला दाद न देणारे म्हणून चोरून विकले जाणारे बियाणे घेऊ नका. त्याला परवानगी नाही आणि फसलात तर पक्के बिल नसल्याने दादही मागता येत नाही.

पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, दिसतील तेव्हा तोडून अळीसकट नष्ट करा. पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीपासून हाताशी ठेवा.

फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी शेतात ठेवून घेतलेले जादा पीक, घेऊ नका. डिसेंबरअखेर शेत मोकळे करा आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, बांधावर रचून ठेवू नका; तिच्यावरच्या किडक्या बोंडांत पुढच्या हंगामाची अळी दडून बसलेली असते.