ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिशियन म्हणून जाताय? कौशल्य-मान्यतेच्या वाटेवरच्या या चुका टाळा

गेल्या महिन्यात आणखी एकाने आपलं अनुभवपत्र नजरेखालून घालायला पाठवलं. ‘यांनी आमच्याकडे इलेक्ट्रिकल विभागात आठ वर्षं काम केलं. ते मेहनती, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहेत. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ खाली सही, शिक्का, तारीख. आठ वर्षं हा माणूस पॅनेलसमोर उभा राहिला आणि त्याच्या हातात एवढंच आलं. तपासणाऱ्याला या पत्रात मोजण्यासारखं काहीच सापडत नाही. वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण असं पत्र मी पहिल्यांदा बघत नव्हतो.

मी याच वाटेने इथे आलो. आज परवाना घेऊन काम करतो आणि येऊ पाहणाऱ्यांचे कामाचे कागद वाचून देतो. व्हिसाचा सल्ला मात्र देत नाही. तो नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडून किंवा वकिलाकडूनच घ्यावा, इथला कायदाच तसा आहे. एजंटचं नाव सरकारी नोंदवहीत शोधायला पाच मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी ती पाच मिनिटं द्या.

वाट थोडक्यात अशी आहे. इलेक्ट्रिशियनच्या कौशल्याला मान्यता देण्याचं काम ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, म्हणजे टीआरए, या सरकारी यंत्रणेकडे आहे. प्रत्यक्ष तपासणी तिने मंजूर केलेल्या प्रशिक्षण संस्था करतात. आधी कागद बघतात. ते पटले तर तांत्रिक फेरी होते, म्हणजे प्रश्नोत्तरं आणि हाताने करून दाखवायचं काम. हे सगळं पार पडलं की ‘ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड’ मिळतो, त्यालाच सगळे ओटीएसआर म्हणतात. या सगळ्यात समोरचा शोधत असतो ते तुम्ही स्वतः केलेलं काम. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हा त्याचा एक पुरावा झाला, आणि तो एकटा पुरत नाही.

गुणगान करणारं अनुभवपत्र, आणि उसनं अनुभवपत्र

पत्रात काय हवं? कंपनीचं लेटरहेड. कामाला लागल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख. आठवड्याचे तास, म्हणजे काम पूर्णवेळ होतं हे दिसेल. हुद्दा. सही करणाऱ्याचं नाव, त्याचा हुद्दा, आणि उचलला जाईल असा फोन नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामाचं वर्णन: कुठल्या प्रकारच्या इमारती किंवा कारखाने, सिंगल फेज की थ्री फेज, कुठली पॅनेल, कुठल्या मोटरी, कुठली उपकरणं, कुठल्या चाचण्या, हातात कुठली हत्यारं. ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामे’ हे वर्णन होत नाही. पत्राच्या जोडीला पगाराच्या स्लिपा, बँकेची नोंद, कराचे कागद. तारखा सगळीकडे एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

इथवर सांगितलं की घाई असलेली मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. कुणीतरी पास झालेल्याचं पत्र मिळवतात, त्यातलं नाव बदलतात आणि मालकाची सही घेतात. अशा एका पोराचं उदाहरण मी जवळून पाहिलं आहे. पोरगा हुशार होता, हात चांगला होता. पाच वर्षं इमारतींमध्ये कॉन्ड्युट (वायरींच्या नळ्या) टाकणं, वायर ओढणं, बोर्ड जोडणं हे त्याने मन लावून केलं होतं. पण हे काम कमी वाटेल अशी भीती त्याला वाटली. त्याने दुसऱ्या कुणाचं पत्र जसंच्या तसं उचललं. त्यात मोटर कंट्रोल होतं, पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) होतं, थ्री फेज मोटरींची दोषदुरुस्ती होती. कागद पास झाले.

तांत्रिक फेरीत समोरच्याने ते पत्रच पुढ्यात ठेवलं आणि त्यातल्या ओळींवरून विचारायला सुरुवात केली. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये स्टारचा आणि डेल्टाचा कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढला गेला तर काय होईल? स्टारचा कॉन्टॅक्टर मोटरच्या वाइंडिंगची तीन टोकं एकत्र बांधतो, डेल्टाचा त्याच टोकांवर तीन फेज आणतो. दोन्ही एकत्र आले की फेज टू फेज शॉर्ट. म्हणून तर दोघांमध्ये इंटरलॉक असतो, म्हणजे एक चालू असताना दुसरा चालू होऊच शकत नाही. स्टार्टर एकदा जरी जोडलेल्या माणसाला हे पाठ करावं लागत नाही. आमच्या पोराने ‘मोटर उलटी फिरेल’ असं सांगितलं. पुढचे तीन प्रश्नही तिथलेच होते आणि तीनही गेले. कॉन्ड्युट, केबल, सर्किटची आखणी, जे त्याला झोपेतही आलं असतं, तिथपर्यंत मुलाखत नीट पोचलीच नाही. फी गेली, महिने गेले, आणि खरं काम केलेला माणूस खोटा ठरला.

स्वतःचं काम स्वतःच्या शब्दांत लिहा. मालकाला मसुदा तुम्ही करून द्या, त्यात गैर काही नाही, पण प्रत्येक ओळीवर अर्धा तास बोलता येईल एवढंच त्यात असू द्या. जे काम केलेलं नाही ते हवं असेल, तर अर्ज लांबवा आणि ते काम करा. शॉर्टकट घेणाऱ्यांना हा सल्ला आवडत नाही. मी तो तरीही देतो.

बढतीचाही एक सापळा आहे. चांगला वायरमन चार-पाच वर्षांनी सुपरवायझर होतो, पत्रात अभिमानाने लिहिलं जातं की हाताखाली पंधरा माणसं होती, आणि अलीकडची वर्षं ‘देखरेख’ म्हणून बाजूला पडतात. अलीकडचा अनुभव हाताने केलेल्या कामाचाच लागतो. सुपरवायझर असूनही तुम्ही स्वतः टर्मिनेशन (वायरींची टोकं जोडणं) आणि टेस्टिंग करत होतात का? मग ते पत्रात स्पष्ट यायला हवं, आणि ते खरं असायला हवं.

माझी सवय सांगतो. मी रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहितो: तारीख, जागा, काय काम केलं, चाचणीचे आकडे काय आले. डीबीचं, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डाचं, झाकण लावण्याआधी फोटो काढतो, आणि अधूनमधून माझा चेहरा दिसेल असाही एक काढून घेतो. अनुभवपत्र नोकरी सोडतानाच मागतो, पाच वर्षांनी नाही. तोवर फोरमन बदललेला असतो, मालकाने फोन उचलणं बंद केलेलं असतं, कधी कंपनीच उरलेली नसते.

चुकीचा व्यवसाय-कोड

अर्ज कुठल्या व्यवसायासाठी आहे ते आकडी कोडने ठरतं: इलेक्ट्रिशियन (जनरल) 341111, स्पेशल क्लास 341112, लिफ्ट मेकॅनिक 341113. डिप्लोमा आहे म्हणून 233311 या इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या कोडकडे बघू नका. तो वेगळा व्यवसाय, त्याची तपासणी एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे, आणि तिथे तुमच्या वायरिंगच्या अनुभवाचा उपयोग नाही.

टेस्टरवर आंधळा विश्वास

प्रात्यक्षिकात अनुभवी माणसं पडतात ती बहुतेक इथे. नवखे घाबरून सावकाश करतात. दहा वर्षं काम केलेल्याचा हात डोक्याच्या आधी चालतो.

माझंही असंच झालं. सरावाच्या दिवशी मी ब्रेकर पाडला, टेस्टर लावला, दिवा लागला नाही, आणि स्क्रू सोडवायला हात पुढे केला. शिकवणाऱ्याने मनगट धरलं. ‘सर्किट डेड आहे हे तुला कसं कळलं?’ मी टेस्टर दाखवला. त्याने तोच टेस्टर शेजारच्या चालू सॉकेटला लावला. तिथेही दिवा लागला नाही. एका लीडची तार आवरणाच्या आत तुटलेली होती. सर्किट त्या दिवशी खरंच बंद होतं, पण मला ते माहीत नव्हतं. मी ते गृहीत धरलं होतं. घरी गेल्यावर बराच वेळ मी आजवर असे किती बोर्ड उघडले असतील याचा विचार करत बसलो.

तेव्हापासून क्रम एकच. ब्रेकर पाडायचा, कुलूप लावायचं, टॅग लावायचा. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सप्लायवर लावून बघायचा. मग कामाच्या सर्किटवर (ॲक्टिव्ह म्हणजे फेज, अर्थ म्हणजे अर्थिंगची वायर): ॲक्टिव्ह-न्यूट्रल, ॲक्टिव्ह-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मग पुन्हा त्या चालू सप्लायवर. तिन्ही पायऱ्या झाल्यावरच हात. परीक्षक यातली एक पायरी गळाली तरी थांबवू शकतो, आणि त्याने थांबवलंच पाहिजे असं माझं मत आहे. परीक्षेपुरतं हे शिकता येत नाही. आजच्या कामापासून सुरू केलंत तर सहा महिन्यांत हाताला वळण लागतं.

रंगांचंही तसंच. इथे पक्क्या वायरिंगमध्ये लाल ॲक्टिव्ह, काळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. थ्री फेजला लाल, पांढरी आणि गडद निळी. उत्तर अमेरिकेच्या पद्धतीत काळी चालू आणि पांढरी न्यूट्रल असते, म्हणजे तिथे शिकलेल्याला हे अगदी उलटं. लवचीक कॉर्डमध्ये पुन्हा तपकिरी आणि निळी. सॉकेट समोरून बघितलं की अर्थपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अर्थ, ॲक्टिव्ह, न्यूट्रल. रंग लक्षात ठेवाच, पण विश्वास मीटरवर ठेवा, आणि मीटर तपासून घेतल्यावरच.

नियमपुस्तक म्हणजे एएस/एनझेडएस 3000, त्याला सगळे वायरिंग रूल्स म्हणतात. ते शेवटच्या पंधरवड्यात उघडणारे पुष्कळ. व्होल्टेज 230, फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ, हे ओळखीचं वाटतं आणि माणूस गाफील होतो. खरा फरक अर्थिंगमध्ये आहे. इथे एमईएन, म्हणजे मल्टिपल अर्थ्ड न्यूट्रल, पद्धत चालते: न्यूट्रल आणि अर्थ यांची जोड मुख्य स्विचबोर्डवर, एमईएन लिंकने. ‘अर्थिंग चांगलं व्हावं’ म्हणून पुढच्या सब-बोर्डात पुन्हा जोड दिलीत, तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरीतून वाहायला लागतो. अशी जोड आरसीडीच्या (गळता करंट ओळखून सप्लाय तोडणाऱ्या उपकरणाच्या) पुढे झाली तर तो ट्रिप होत राहतो आणि दोष सापडत नाही. असं का होतं ते चित्र काढून स्वतःला समजावता आलं पाहिजे. चाचण्यांचा क्रमही अर्थिंगपासून शिका. आधी अर्थची सलगता, कारण पुढच्या सगळ्या चाचण्यांची सुरक्षितता तिच्यावर उभी आहे, आणि मुख्य अर्थ कंडक्टरचा रोध 0.5 ओहमच्या वर जाता कामा नये. मग 500 व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन, सर्वसाधारण सर्किटला किमान 1 मेगाओहम. मग पोलॅरिटी, म्हणजे ॲक्टिव्ह आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत ना. सप्लाय चालू करायच्या चाचण्या त्यानंतर.

ओटीएसआर म्हणजे परवाना नव्हे

हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी विसरतो. ओटीएसआर सांगतो की तुमच्याकडे कौशल्य आहे. एकट्याने काम करायचा हक्क तो देत नाही. तो हक्क राज्य देतं, आणि प्रत्येक राज्याची यंत्रणा वेगळी: व्हिक्टोरियात एनर्जी सेफ व्हिक्टोरिया, क्वीन्सलंडमध्ये इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑफिस, याप्रमाणे. ओटीएसआरवर तात्पुरता, देखरेखीखाली काम करण्याचा परवाना मागता येतो. मग ऑस्ट्रेलियन पद्धतींचं पूरक प्रशिक्षण, त्याच्या जोडीला साधारण 12 महिने देखरेखीखालचं काम, त्यानंतर सर्टिफिकेट थ्री ही इथली व्यावसायिक पात्रता, आणि मग पूर्ण परवाना. व्हिक्टोरियात त्याला ‘ए ग्रेड’ म्हणतात, क्वीन्सलंडमध्ये ‘इलेक्ट्रिकल मेकॅनिक’. स्वतः कंत्राट घ्यायचं असेल तर त्याची नोंदणी याहून निराळी.

ओळखीच्या एकाला त्याच्या कंत्राटदाराने सांगितलं, ‘तू कर, सही मी करतो.’ हा एकटाच घरांमध्ये सॉकेट बसवत फिरू लागला. त्या कंत्राटदाराचा दुसऱ्याच एका कामावरून वाद झाला, तपासणी आली, आणि विनापरवाना काम करणारा म्हणून याचं नाव पुढे आलं. पूर्ण परवान्याला अवघे चार महिने उरले होते, तिथे त्याला कागदोपत्री खुलासे देत बसावं लागलं. देखरेख म्हणजे परवानाधारक माणूस जागेवर असणं आणि त्याने काम बघणं. तो नसेल तर हत्यारं पेटीत ठेवा. नोकरी गेली तर दुसरी मिळते, या धंद्याला इथे माणसं कमी आहेत.

कुठल्या राज्यात राहणार हे आधी ठरवा, म्हणजे एका राज्याचे अर्ज अर्धे टाकून दुसरीकडे पळावं लागत नाही. पूर्ण परवाना एकदा मिळाला की परस्पर मान्यतेच्या कायद्यामुळे राज्य बदलणं बरंच सोपं होतं.

‘आधी न्यूझीलंड, मग ऑस्ट्रेलिया’ असंही अनेकजण विचारतात. 1997 च्या ट्रान्स-टास्मन कायद्याने तिथली नोंदणी इथे मान्य होते हे खरं. पण न्यूझीलंडचं इलेक्ट्रिकल वर्कर्स रजिस्ट्रेशन बोर्ड स्वतःची तपासणी करतंच, तिथेही पूर्ण नोंदणीआधी देखरेखीचा काळ असतो. न्यूझीलंडमध्ये राहायचंच असेल तर जरूर जा.

उरलेलं भराभर. भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून, आणि मागच्या पानावरच्या शिक्क्यासकट. स्कॅन रंगीत, चारही कडा दिसतील असा. इंग्रजीची परीक्षा व्हिसासाठी वेगळी लागते, तिचे निकष एजंटला विचारा, पण तांत्रिक फेरीत इंग्रजीतून काम समजावता येणं हे त्याहून अवघड आहे, म्हणून काम करताना मोठ्याने बोलून सराव करा. बांधकामाच्या जागेवर पाऊल ठेवण्याआधी व्हाइट कार्ड (बांधकाम-सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं कार्ड), आणि सीपीआर व लो व्होल्टेज रेस्क्यूचं (शॉक लागलेल्याला सोडवण्याचं) प्रशिक्षण मालक पहिल्याच दिवशी विचारेल. आणि पासपोर्ट, प्रमाणपत्र, पगाराची स्लिप यांवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आज बघा. वडिलांचं नाव एकीकडे मध्ये आणि दुसरीकडे गायब असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्या.